केबिन बॅग सात किलोंच्या वर का जाते? कारणाचा शोध आणि उपाय

चार दिवसांच्या प्रवासासाठी फक्त केबिन बॅग घेऊन निघायचे ठरते, कपडे मोजून काढले जातात, शेवटच्या क्षणी एखादा शर्ट परत कपाटात ठेवला जातो, आणि तरीही विमानतळावरचा काटा नऊ किंवा दहा किलो दाखवतो. पुढच्या वेळी आणखी एक शर्ट कमी होतो, पण काटा फारसा हलत नाही. ज्यांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. येथे मुख्यतः भारतातील देशांतर्गत प्रवास गृहीत धरला आहे. परदेश प्रवासात जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

बहुतेक वेळा दोष कपड्यांचा नसतो. बॅगेचे स्वतःचे वजन, लॅपटॉप आणि त्याच्या तारा, जादा पादत्राणे, प्रसाधनाची पिशवी आणि परतीचा खाऊ या पाच गोष्टी बहुतांश वजन खातात, आणि आपण मात्र दरवेळी शर्टांवर कात्री चालवतो. म्हणून उपाय करण्याआधी वजन नेमके कुठे आहे, हे पाहावे लागते.

मर्यादा नेमकी कशाची

भारतातील बहुतेक विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात ७ किलोंपर्यंत एक केबिन बॅग नेऊ देतात. आकाराची मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटर अशी सांगितली जाते. ५५, ३५ आणि २५ यांची बेरीज ११५ होते आणि ५५, ४० आणि २० यांचीही तेवढीच होते; त्यामुळे बेरीज बरोबर असूनही बॅग एखाद्या कंपनीच्या मापाच्या चौकटीत बसत नाही, असे होऊ शकते. बॅग घेताना चाके आणि वरची मूठ धरून माप घ्यावे, कारण दुकानात ‘वीस इंची’ म्हणून मिळणाऱ्या बॅगेची उंची बरेचदा चाके सोडून सांगितलेली असते. बॅगेला रुंदी वाढवणारी जादा चेन असेल तर ती बंदच ठेवावी. ती उघडली की पंचवीस सेंटिमीटरची बॅग सहज तीस सेंटिमीटरची होते.

लॅपटॉपच्या बॅगेबाबत कंपनीगणिक फरक आहे आणि तो तिकीट काढतानाच पाहिला पाहिजे. इंडिगो ७ किलोंच्या बॅगेशिवाय ३ किलोंपर्यंतची पर्स किंवा लॅपटॉप बॅग वेगळी नेऊ देते. काही कंपन्या मात्र लॅपटॉपसह सगळे मिळून ७ किलो धरतात. जाताना एका कंपनीचे आणि येताना दुसऱ्या कंपनीचे तिकीट असेल, तर तयारी कडक नियमाप्रमाणे करावी.

तिकिटाचा प्रकारही तपासावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२१ मध्ये फक्त हातसामान नेणाऱ्या प्रवाशांना सवलतीचे भाडे देण्याची मुभा कंपन्यांना दिली, आणि आता अशी तिकिटे सर्रास मिळतात. नेहमीच्या तिकिटात साधारणपणे १५ किलोंचे चेक-इन सामान समाविष्ट असते, या तिकिटात ते नसते. नेहमीचे तिकीट असणाऱ्याची केबिन बॅग जड भरली, तर ती काउंटरवर देऊन टाकता येते. सवलतीच्या तिकिटावर मात्र तिचे पैसे मोजावे लागतात. म्हणून वजनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने याच प्रवाशांना भेडसावतो.

वजन कुठे दडले आहे

एक साधा नमुना घेऊ. पुण्याहून चार दिवसांच्या कामासाठी निघालेल्या आणि एका संध्याकाळी घरगुती समारंभालाही जाणार असलेल्या माणसाची ही बॅग आहे. कडक कवचाची ट्रॉली बॅग ३ किलो. लॅपटॉप आणि चार्जर मिळून २ किलो. बुटांचा दुसरा जोड ८०० ग्रॅम. जीन्स ७०० ग्रॅम. चार शर्ट मिळून १ किलो. समारंभाचा कुर्ता-पायजमा ६०० ग्रॅम. आतले कपडे व मोजे ४०० ग्रॅम, रात्रीचे कपडे ४०० ग्रॅम. दाढीचे सामान, शांपू, तेल, क्रीम यांची पिशवी ८०० ग्रॅम. आणि घरचा टर्किश टॉवेल ५०० ग्रॅम. एकूण १०.२ किलो.

यात सगळे कपडे मिळून ३.१ किलो आहेत, म्हणजे रिकामी बॅगच जवळजवळ सगळ्या कपड्यांएवढी जड आहे. दोन शर्ट काढले तरी काटा ९.७ वर येतो, आणि चार दिवसांसाठी दोनच शर्ट उरतात. त्रास सोसूनही गुण येत नाही तो यामुळे.

आता त्याच बॅगेत योग्य जागी बदल करून पाहू. कडक ट्रॉलीऐवजी सव्वा किलोच्या आतली, चाके नसलेली कापडी सॅक घेतली की १.८ किलो कमी होतात. टॉवेलऐवजी पंचा घेतला की साडेतीनशे ग्रॅम जातात. प्रसाधनाची पिशवी ३०० ग्रॅमवर आणली की आणखी अर्धा किलो. दुसऱ्या बुटांच्या जागी कुर्त्यावर शोभेल अशी हलकी चप्पल घेतली की पुन्हा अर्धा किलो. जीन्स अंगावर घालून बॅगेत ४०० ग्रॅमची पातळ पँट ठेवली की ३०० ग्रॅम, आणि एक शर्ट कमी केला की अडीचशे ग्रॅम. बेरीज साडेसहा किलोंवर आली, तीही लॅपटॉप धरून. लॅपटॉप वेगळा नेण्याची मुभा असेल, तर बॅगेत साडेचार किलोच उरतात. कपड्यांमधून एक शर्ट तेवढा गेला.

प्रत्येकाचे आकडे वेगळे असणार, म्हणून हे गणित आपल्या बॅगेवर एकदा करून पाहावे. हूकला बॅग अडकवून तोलायचा छोटा डिजिटल काटा बाजारात सहज मिळतो. तो नसेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहावे, मग बॅग हातात घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. सुट्या वस्तूंसाठी स्वयंपाकघरातला काटा उत्तम. आधी रिकामी बॅग तोलावी आणि तो आकडा बॅगेच्या आतल्या खिशात लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक प्रवासात हिशेब तिथूनच सुरू होतो. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांत थोडा फरक पडू शकतो, त्यामुळे घरी ६.६ किलोंच्या आसपास थांबणे शहाणपणाचे आहे.

चाकांच्या बॅगेचा आग्रह

सॅक घ्या म्हटले की अनेकांचा, विशेषतः पाठीचा किंवा खांद्याचा त्रास असलेल्यांचा, विरोध असतो आणि तो रास्त आहे. त्यांनी चाके सोडू नयेत, मात्र कडक कवच सोडावे. दोन चाकांची कापडी ट्रॉली चार चाकांच्या कडक ट्रॉलीपेक्षा सहसा हलकी असते, आणि दोन किलोंच्या आसपासची बॅग शोधली तर मिळते. दुकानात बॅग निवडताना रंग आणि कप्पे यांच्याआधी वजनाची चिठ्ठी पाहावी, चिठ्ठी नसेल तर तोलून मागावी. सात किलोंच्या मर्यादेत तीन किलोंची बॅग वापरणे म्हणजे जवळजवळ निम्मी मर्यादा रिकाम्या बॅगेवर खर्च करणे आहे, आणि ही चूक बॅग विकणारे कधीच दाखवून देत नाहीत.

कपडे किती हे वाळण्यावर ठरते

कपड्यांची संख्या दिवसांवर ठरवली की गणित बिघडते. ती धुण्या-वाळवण्यावर ठरवावी. रात्री धुतलेला कपडा सकाळी वाळणार असेल, तर चार दिवसांना आणि दहा दिवसांना सारखेच कपडे पुरतात.

वाळणे कापडाच्या जातीवर अवलंबून आहे. कोरड्या भासणाऱ्या सुती कापडातही त्याच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा हवेतून शोषलेला असतो, पॉलिस्टरमध्ये तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. सुती धागा पाणी आत धरून ठेवतो, पॉलिस्टरचे पाणी बहुतेक धाग्यांच्या फटींत असते आणि पिळले की निघून जाते. म्हणून आतले कपडे आणि मोजे मिश्र धाग्याचे घ्यावेत आणि शर्ट पातळ सुती चालतील. जाड विणीचा सुती टी-शर्ट मात्र टाळावा, कारण तो वजनालाही जड आणि वाळायलाही हट्टी.

ठिकाण आणि ऋतू यांचाही विचार हवा. एप्रिलमध्ये नागपुरात धुतलेला शर्ट पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो. जुलैमध्ये रत्नागिरीत किंवा पणजीत तोच शर्ट दुसऱ्या दिवशीही दमट राहतो. पावसाळ्यात किनारपट्टीवर जाणाऱ्यांनी म्हणूनच एक शर्ट आणि आतल्या कपड्यांचा एक जोड जास्त घ्यावा, आणि ते वजन दुसरीकडून कमी करावे. कपडा धुऊन पिळल्यावर कोरड्या पंचात गुंडाळून पंचासकट पुन्हा पिळला, तर वाळण्याचा वेळ खूप घटतो. पंचा त्यासाठीच सुचवला आहे: तो अंग पुसतो, कपडा पिळायला उपयोगी पडतो, विमानात थंडी वाजली तर खांद्यावर घेता येतो आणि स्वतः चटकन वाळतो.

हिवाळ्यात दिल्लीकडे जाताना स्वेटर आणि जाकीट अंगावर घालूनच निघावे. अंगावरचे कपडे कोणी तोलत नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगणे आहे. भरजरी पैठणी किंवा कांजीवरम परकर-पोलक्यासह एक किलोच्या आसपास जाते, तर चंदेरी किंवा महेश्वरी त्याच्या निम्म्याच्या आसपास वजनात मिळते. एका कार्यक्रमासाठी भारी साडी न्यायची असेल तर ती एकच न्यावी आणि बाकीचे कपडे तिच्या रंगाला धरून ठरवावेत, म्हणजे एकच चप्पल आणि एकच पर्स सगळ्यांवर चालते. मात्र दोन-तीन विधी असलेल्या लग्नाला, त्यातही आहेर घेऊन जाताना, फक्त केबिन बॅगेचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे १५ किलोंचे सामान असलेले तिकीट काढणे हेच योग्य. दागिने मात्र कोणत्याही परिस्थितीत चेक-इन सामानात टाकू नयेत.

तपासणीत वस्तू काढून घेतल्या जातात

वजन बरोबर असूनही सुरक्षा तपासणीत वस्तू गमावण्याचा प्रकार वारंवार होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव, जेल आणि मलम १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम २००६ पासून जगभर रूढ झाला. येथे बाटलीची छापील क्षमता धरली जाते. दोनशे मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये चमचाभर पेस्ट उरली असली तरी ती अडवली जाते. देशांतर्गत प्रवासात हा नियम तसा लावला जात नसला, तरी वजनासाठी तो पाळावा. साबणाची वडी, शांपूची पुडी आणि छोट्या डबीत तेल एवढ्याने चार दिवस निघतात.

मिरचीची पूड आणि मिरचीचे लोणचे हातसामानात चालत नाही. लायटर, काडेपेटी, कात्री, दाढीची सुटी पाती हीही नेऊ नयेत. देवदर्शनाहून परतणाऱ्यांचा नारळ नेहमी अडकतो. २०२४ च्या मंडल-मकरविळक्कू यात्रेच्या काळात केरळातील शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातील, नारळ केबिनमध्ये नेण्याची ठरावीक मुदतीची सवलत सरकारला मुद्दाम जाहीर करावी लागली होती, यावरून नेहमीचा नियम काय आहे ते कळते. सुके खोबरे तर तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून चेक-इन सामानातही निषिद्ध आहे. प्रसादाचा नारळ तिथेच वाढवून वाटावा, पेढे बरोबर आणावेत.

पॉवर बँकेचे उलटे आहे. ती फक्त हातसामानातच चालते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते, आणि नेहमीची २०,००० मिलिअँपिअर-तासांची ७४ वॉट-तासांची असते. तिच्यावर क्षमता स्पष्ट छापलेली असावी, पुसट झालेली पॉवर बँक अडवली जाऊ शकते.

छोट्या विमानात बॅग दारातच काढून घेतली जाते

कोल्हापूर, जळगाव, सोलापूर यांसारख्या विमानतळांवर येणारी बरीच विमाने एटीआर ७२ किंवा त्याहूनही लहान जातीची असतात. त्यांच्या डोक्यावरच्या कप्प्यांत पूर्ण आकाराची ट्रॉली बसत नाही. बॅग सात किलोंची असली तरी कर्मचारी ती विमानाच्या दाराशी घेतात आणि सामानाच्या जागेत ठेवतात. मोठ्या विमानातही शेवटी चढणाऱ्यांवर ही वेळ येते. यात पैसे लागत नाहीत, पण पॉवर बँक, औषधे, दागिने, लॅपटॉप आणि घराच्या किल्ल्या बॅगेतच राहून जातात, हा खरा धोका आहे. पॉवर बँक तर सामानाच्या जागेत जाऊच देता कामा नये.

यासाठी बॅगेत सर्वांत वर एक रिकामी कापडी पिशवी ठेवावी आणि या सर्व वस्तू बॅगेच्या एकाच कप्प्यात, एकत्र ठेवाव्यात. बॅग मागितली गेली की तो कप्पा पिशवीत रिता करायला अर्धे मिनिटही लागत नाही. अशा मार्गांवर मऊ सॅकचा आणखी एक फायदा आहे: ती दाबून समोरच्या सीटखाली सरकवता येते आणि बरेचदा हातातच राहते.

जाताना साडेसहा, येताना नऊ

वजनाचा त्रास असलेल्या अनेकांचा जातानाचा प्रवास सुरळीत होतो, घोळ परतीला होतो. एक किलो संत्रा बर्फी, अर्धा किलो काजू, दोन पुस्तके, कार्यालयाने दिलेली कॉफीच्या मगची भेट, आणि अडीच किलो वाढले. हापूसचा एक फळ पाव किलोच्या आसपास भरतो, म्हणजे डझनभर आंबे म्हटले की तीन किलो झाले. आपल्याकडे रिकाम्या हाताने परत येणे कोणाला जमत नाही आणि जमवूही नये. त्यामुळे परतीचे वजन आधीच हिशेबात धरावे. खाऊ आणायचा असेल, तर जाताना बॅग साडेपाच किलोंवर थांबवावी. त्याहून जास्त आणायचे असेल, तर तिथूनच स्पीड पोस्टने किंवा कुरिअरने घरी पाठवावे. टिकाऊ मिठाई, पुस्तके, कपडे यांना काही होत नाही. किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून परतीच्या तिकिटाला सामान आगाऊ जोडून घ्यावे. आगाऊ घेतलेले वजन विमानतळावर मोजलेल्या जादा वजनापेक्षा स्वस्त पडते.

परदेशाहून येणाऱ्यांची अडचण यापुढची आहे. केबिन बॅगेसाठी ब्रिटिश एअरवेज २३ किलोंपर्यंत मुभा देते, लुफ्तान्सा ८, एमिरेट्स ७. लंडनहून १४ किलोंची केबिन बॅग घेऊन आलेला प्रवासी मुंबईत उतरून वेगळ्या तिकिटावर नागपूरचे विमान पकडायला गेला, की त्याच बॅगेचे निम्मे वजन जादा ठरते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर सामानाचे नियम कोणते लागू होतील ते तिकिटावर लिहिलेले असते, ते वाचावे. तिकिटे वेगळी असतील, तर सर्वांत कमी मर्यादा हीच आपली मर्यादा.

विमानतळावरच जादा भरले तर

एवढे करूनही काटा ७.८ दाखवू शकतो. अशा वेळी रांगेतच बॅग उलटीपालटी करू नये, बाजूला यावे. आधी पाण्याची बाटली रिकामी करावी, अर्ध्या लिटरला अर्धा किलो तिथेच कमी होतो आणि तपासणीनंतर बाटली पुन्हा भरता येते. जाकीट अंगावर चढवून चार्जर, कॅमेरा आणि पॉवर बँक त्याच्या खिशांत घालाव्यात. जड पादत्राणे पायांत आणि हलकी बॅगेत, अशी अदलाबदल करावी. वेगळ्या पर्सची मुभा असेल तर पुस्तक आणि औषधे तिच्यात हलवावीत. बरोबर कुटुंबातील दुसरे कोणी असेल आणि त्यांची बॅग हलकी असेल, तर वस्तू त्यांच्याकडे द्याव्यात, कारण केबिनमध्ये प्रत्येकाची बॅग वेगळी मोजली जाते. अनोळखी प्रवाशाला मात्र आपली वस्तू सोपवू नये आणि त्याची स्वीकारूही नये. यानंतरही वजन जास्त राहिले, तर काउंटरवर चेक-इनचे शुल्क विचारावे आणि बॅग देण्याआधी पॉवर बँक, औषधे, दागिने बाहेर काढले आहेत ना, हे एकदा पाहून घ्यावे.